काटा

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. कापसाची दुसरी वेचणी जोरात सुरू होती आणि बालवाडीच्या ओट्यावर शेवटची तीन पोरं उरली होती. सव्वासहाला अंधार पडायला लागतो तेव्हा त्या ओट्यावर एक वेगळीच शांतता येते. दिवसभर नाचलेली पोरं पायऱ्यांवर बसून रस्त्याकडे डोळे लावतात आणि लांबून येणारी प्रत्येक बाई त्यांना आपलीच माय वाटते. लहान्याची माय आली. घरी त्याला लहान्याच म्हणतात, इथेही तेच म्हणू. तिच्या कमरेला वेचणीचं फडकं तसंच होतं, केसांत कापसाचे तंतू, आणि बोंडांच्या वाळक्या टोकांनी बोटांच्या पेरांवर बारीक बारीक ओरखडे. तिनं पोराला कडेवर घेतलं, त्याच्या मानेचा घाम पदरानं पुसला आणि मला विचारलं, "आज काय शिकना मना पोऱ्या?"

मी हजेरीची वही बंद करत होते. मान वर न करता म्हणाले, "खेळला."

ती जरा थांबली. आणखी काही येईल म्हणून थांबली असावी. मग म्हणाली, "खेळाले तं घर बी खेळस तो." आवाजात राग नव्हता. दिवसभर वाकून वेचलेल्या बाईच्या अंगात संध्याकाळी रागवायलाही त्राण उरत नाही. ती गेली. दुसऱ्या दिवशी लहान्या आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी ताई म्हणाल्या, "अहो बाई, तो पोरगा वावरात बांधावर बसलेला दिसला. बाभळीखाली."

रात्री भाकऱ्या थापताना तेच एक वाक्य डोक्यात फिरत राहिलं. खेळायला काय, घरीही खेळतो.

आमचं गाव चोपडा तालुक्यातलं. उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत, दक्षिणेला तापी, मध्ये काळी जमीन आणि तिच्यावर केळी नाहीतर कापूस. बालवाडी भरते ती जागा पूर्वी सोसायटीचं खताचं गोदाम होती. तीनदा चुना मारला, तरी मृगाचा पहिला पाऊस पडला की भिंतीतून युरियाचा वास उठतोच. बायांच्या चार बचतगटांनी मिळून नऊ वर्षांपूर्वी हे सुरू केलं. रीतसर संस्था आहे, दर वर्षी धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातो. पण खरी चालते ती लोकांनी पाठवलेल्या वस्तूंवर. कुणाकडून ज्वारीचं पोतं येतं, कुणाकडून मूगडाळ. केळीची कापणी झाली की बाजारात न चालणाऱ्या बारक्या फण्या टोपलीभर येतात. पोराची आई रोजचे दहा रुपये देते, ज्या दिवशी जमलं नाही त्या दिवशी देत नाही. गावात सरकारी अंगणवाडी आहे, तिथल्या सेविका मनापासून काम करतात. पण ती दुपारी सुटते आणि वेचणीची बाई दिवस मावळेपर्यंत वावरात असते. मधल्या त्या वेळेसाठी आम्ही आहोत. सकाळी सातला दार उघडतं ते शेवटचं पोर घरी गेल्यावर बंद होतं. आठ महिन्यांच्या तान्ह्यापासून सहा वर्षांपर्यंतची मुलं, दोन ताई आणि एक मावशी. एरवी वीस-बावीस असतात, वेचणीत सातपुड्यातून पावरा आदिवासी कुटुंबं खाली उतरतात तेव्हा चाळीसवर जातात. जुन्या सुती लुगड्यांच्या तीन झोळ्या आढ्याला टांगलेल्या आहेत, त्यातली एक तरी सदैव हलत असते.

आणि एक काटा आहे. आढ्याच्या कडीला अडकवलेला, गोल तबकडीचा टांगता काटा. महिन्यातून एकदा कापडी चड्डीसारख्या झोळीत बसवून प्रत्येक पोराचं वजन करायचं, दंडाचा घेर मोजायची पट्टी लावायची, तक्त्यावर ठिपका मांडायचा. पट्टीवर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल, साडेबारापर्यंत पिवळं, पुढे हिरवं. पोरं झोळीत लटकली की रडतात. आया मात्र त्या तबकडीकडे ज्या नजरेनं बघतात ती नजर मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. नंतर लक्षात आलं, पाहिली आहे. वावराच्या बांधावर संध्याकाळी कापूस मोजतात तेव्हा. तिथेही असाच टांगता काटा, तशीच तबकडी, आणि किलोवर मजुरी घेणाऱ्या बायांची तशीच श्वास रोखलेली नजर. सुई हलायची थांबेपर्यंत त्या बोलत नाहीत. आमच्याकडे वजन करताना एकीनं मला सुनावलं होतं, "थांबा ना बाई, काटा बसू द्या आधी." काटा कधी वाचायचा हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

लहान्या साडेतीन वर्षांचा, पट्टी पिवळ्यावर. त्याची माय दर महिन्याला विचारते, वाढला का. तेव्हा मी नीट उत्तर देते, ग्रॅमसकट. आकडा असला की माझ्याकडे उत्तर असतं.

तिच्या प्रश्नामागे काय आहे, हे मला न कळण्यासारखं नाही. गावातून रोज सकाळी पिवळी गाडी जाते, इंग्रजी नर्सरीची. त्या पोरांच्या गळ्यात टाय असतो, दप्तरात चार वह्या असतात. संध्याकाळी त्यातलं एखादं ओट्यावर उभं राहून ए फॉर अॅपल म्हणून दाखवतं आणि आजूबाजूच्या बाया ऐकत राहतात. दहा रुपये मोजणाऱ्या बाईला वाटतंच, आपल्याही पोरानं काहीतरी घरी आणावं. पाटीवर एक अक्षर, एखादा आकडा. आपण शिकलो नाही, अंगठा उठवतो, तसं याचं होऊ नये. शिक्षणाबद्दल एवढी आस असलेल्या बाईला "खेळातून शिकतात हो मुलं" एवढं एक वाक्य तोंडावर फेकून मोकळं होणं मला कधीच पटलं नाही. शहरातल्या शिकलेल्या आईला ते वाक्य परवडतं. तिच्या घरी पुस्तकं असतात, तिचं पोर खेळलं काय नि लिहिलं काय, वाचायला लागणारच. हिला तेवढी खात्री कुणी दिली? पण साडेतीन वर्षांच्या पोराच्या बोटांत पेन्सिल कोंबली की काय होतं तेही मी बघितलं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत चोवीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. सहाव्या वर्षीच अक्षराला कंटाळलेली पोरं माझ्यासमोर येऊन बसायची. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा सगळा टप्पा एकत्र पायाभूत धरला, खेळावर आणि घरच्या भाषेवर भर दिला, ते वाचून मला बरं वाटलं होतं. पण धोरण काही ओट्यावर उभं राहून लहान्याच्या मायला उत्तर देत नाही. ते मलाच द्यायचं होतं.

त्या दिवशी लहान्या काय खेळला होता, ते मी पाहिलं होतं. सगळं पाहिलं होतं, म्हणून जास्त लागतं.

दुपारची खिचडी झाली होती, तान्ही झोपली होती. अंगणातल्या चिंचेखाली चिंचोके पडलेले असतात. लहान्यानं ताईंची ओढणी मागून घेतली आणि कमरेला बांधली, पुढे खोळ राहील अशी. मग वाकून तो चिंचोके वेचायला लागला, दोन्ही हातांनी. उजवा हात एक उचलतो, तोवर डावा दुसऱ्यावर गेलेला असतो, आणि दोन्ही आळीपाळीनं खोळीत येतात. कापूस वेचणाऱ्या बाईचे हात असेच चालतात, न बघता, यंत्रासारखे. साडेतीन वर्षांच्या पोरानं ते कुठे आणि किती बारकाईनं बघून ठेवलं होतं! मध्येच तो कमरेवर हात ठेवून ताठ झाला आणि "माय वं" म्हणून त्यानं पाठ मागे वाकवली. मी खिडकीत उभी होते. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

मग त्यानं ओढणीचं गाठोडं केलं आणि खिडकीच्या गजाला अडकवलं. दुसऱ्या एका पोराला मुकादम केलं. मुकादमानं गजाकडे बघून लगेच सांगून टाकलं, "पाच." लहान्यानं हात वर केला. "थांब, काटा हालस!" दोघंही गप्प उभे राहिले. गजाला टांगलेली ओढणी वाऱ्यानं हलत होती, ती थांबेपर्यंत खरंच थांबले. मुकादम पुन्हा म्हणाला, "पाच." लहान्या म्हणाला, "कमी भरनं!" आणि त्यानं गाठोडं सोडून चिंचोके मातीवर ओतले. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात, आठ. चार त्याच्याकडून नेहमी निसटतात. ताई बाजूला येऊन बसल्या. त्यांनी चूक सांगितली नाही. मधला एक चिंचोका फक्त बोटानं जरा बाहेर सरकवला. लहान्या त्याच्याकडे बघत राहिला. मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला, एकेकाला बोट लावत, आणि या वेळी चार आले. सात भरले. "लिखी ले," तो मुकादमाला म्हणाला. मुकादमानं पाटीवर एक आडवीतिडवी रेघ ओढली. लहान्यानं ती वाकून बघितली, जणू वाचता येतं असं. आणि त्याची डावी मूठ घट्ट मिटलेली होती. मी विचारलं, "त्यात काय?" त्यानं उघडून दाखवलं. आणखी एक चिंचोका. तो काट्यावर गेलाच नव्हता. मागे राखून ठेवलेला.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालेलं, आणि चार तासांनी त्याची माय विचारते तेव्हा माझ्या तोंडून एकच शब्द निघतो.

तो शब्द कुठून आला असेल याचा विचार करताना मला माझ्या पायाचा अंगठा आठवला. मी सात वर्षांची, दुसरीत. धाकटा भाऊ वर्षाचा. आई वेचणीला जायची तेव्हा मला शाळेऐवजी वावरात नेत असे. निंबाच्या फांदीला झोळी, झोळीला दोरी आणि दोरीचं दुसरं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला. पाय हलवला की झोळी हलते, हात मोकळे राहतात. त्या मोकळ्या हातांनी मी मातीत पानं काढायची, नाहीतर निंबोळ्यांचे ढीग करायची. दोरीचा करकोचा पडून अंगठ्याला एक खाच झाली होती, ती पुढे कितीतरी वर्षं राहिली. भाऊ रडायचा. खूप रडायचा. भुकेनं, उन्हानं, फवारलेल्या पऱ्हाटीच्या उग्र वासानं. एकदा झोळीखालून काहीतरी सळसळत गेलं आणि मी त्याला उचलून बांधाच्या बांध पळत सुटले होते. संध्याकाळी आई गाठोडं मोजून यायची आणि विचारायची, "रडना का?" मी म्हणायची, "नही रडना." रोज. खरं सांगितलं तर तिचा चेहरा कसा होईल ते मला माहीत होतं, आणि सांगून उपयोगही नव्हता. दुसऱ्या दिवशी वेचणीला जायचंच होतं. तो पहिल्यांदा उभा राहिला तो त्या झोळीची दोरी धरून, माझ्यासमोर, भर दुपारी. ते मी आईला सांगितलं की नाही, मला आठवत नाही. बहुतेक नाही. आईनं त्याचं उभं राहणं दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी पाहिलं असेल आणि तोच पहिला दिवस धरला असेल.

हे सगळं १९७५ चं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना, म्हणजे सरकारी अंगणवाड्यांची योजना, सुरू झाली, हे मला पुढे डी.एड.ला शिकताना कळलं. तारीख पाठ करताना मी मनात हिशेब केला होता. त्या दिवाळीला दोरी माझ्या अंगठ्याला होती.

डी.एड.लाच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ भेटल्या, म्हणजे पुस्तकात. १९४५ साली ताराबाईंनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालवाडी काढली, अनुताई त्यांच्याबरोबर गेल्या, आणि आदिवासी पाड्यांवरची पोरं शाळेत येतच नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेऊन मांडली. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरं राखायला गेलेल्या पोरांच्या मागे कुरणात गेली ती कुरणशाळा. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आल्या. परीक्षेत यावर पाच गुणांचा प्रश्न येई आणि सगळे तो पाठ करून लिहीत. मला तो पाठ करावा लागला नाही. पाळणाघर शाळेच्या शेजारी का हवं, हे माझ्या अंगठ्याला ठाऊक होतं. धाकटं भावंड पाळण्यात ठेवलं की मोठी बहीण वर्गात जाऊन बसू शकते. इतकी साधी गोष्ट, पण ती सुचण्यासाठी त्या बहिणीकडे कुणीतरी बघावं लागतं. कारखान्याला १९४८ च्या कायद्यानं पाळणाघर सक्तीचं केलं, पन्नासपेक्षा जास्त बाया कामाला असतील तर. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात लिहिलं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं आली तर एका बाईला त्यांना सांभाळायचं काम द्यायचं आणि तिलाही तीच मजुरी द्यायची. कुणाच्या तरी मालकीच्या कापसाच्या वावराला असलं कुठलंच कलम नाही. तिथे बाभळीची सावली आहे आणि बांध आहे.

आमच्या ताईंना जे मिळतं ते सांगायला मला संकोच वाटतो. वेचणीच्या हंगामात जोमानं वेचणारी बाई दिवसाला त्यांच्यापेक्षा जास्त कमावते. दोघीही ते जाणून आहेत, तरी येतात. मोठ्या ताई पावरा घरातल्या. डोंगरातून नवं आलेलं पोर पहिले दोन दिवस तोंड उघडत नाही, तेव्हा त्या त्याच्याशी त्याच्या बोलीत हळूच काहीतरी बोलतात आणि त्या पोराच्या खांद्यांवरचा ताण मला लांबून उतरताना दिसतो. बाकीच्यांशी त्या अहिराणीत बोलतात. पाहुणे आले की त्यातले काही विचारतात, "यांना शुद्ध मराठी कधी शिकवणार?" शुद्ध मराठी येईल हो, शाळेत येईल. आधी पोराला "मनी माय कव्हय येई?" हे विचारता आलं पाहिजे आणि त्याचं उत्तर त्याच बोलीत मिळालं पाहिजे. मावशींच्या लुगड्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग आहेत. पंधरा वर्षं केळीच्या कामाला गेल्या, ते डाग कशानंच निघत नाहीत. पोरं मांडीवर झोपताना त्या डागांवर बोट फिरवत झोपतात. अमळनेरला वसतिगृहात साने गुरुजी मुलांच्या खोल्या झाडून ठेवायचे, अंथरुणं आवरायचे, हे आमच्याकडे घराघरांत सांगतात, आणि ऐकणाऱ्याचे डोळे ओलावतात. तेच काम मावशी रोज चाळीस पोरांचं करतात. त्यांना कुणी शिक्षक म्हणत नाही.

पाचव्या दिवशी मी वावराकडे गेले. उन्हं कलली होती. बाभळीखाली लहान्या बसला होता, अंगावर कापसाच्या पिंज्या, हातात काडी. मला पाहून हसला, पण उठला नाही. बांधावर काटा टांगलेला होता आणि बाया गाठोडी घेऊन रांगेत बसल्या होत्या. त्याच्या मायच्या पुढे चौघी होत्या. मी तिच्या शेजारी ढेकळांवर बसले. तिनं माझ्याकडे बघून पदर सारखा केला. पोराला का आणलं नाही हे विचारायला आले असेन, असं तिला वाटलं असणार. मी ते विचारलंच नाही. तिला त्या दिवसाची दुपार सांगितली, अहिराणीतच, पहिल्यापासून. ओढणी कशी बांधली. हात कसे चालवले, उजवा आणि डावा. पाठ कशी वाकवली आणि काय म्हणाला. हे ऐकल्यावर तिनं तोंडावर पदर धरला आणि बाजूच्या बाईला कोपरानं ढोसलं. दोघी हसल्या. मुकादम, काटा, कमी भरनं, सगळं सांगितलं. चार कसे निसटतात, ताईंनी चिंचोका कसा सरकवला आणि मग त्याचं त्यालाच कसं कळलं. तेव्हा ती हसायची थांबली. नीट ऐकू लागली. रांग पुढे सरकली तशा आम्हीही बसल्या बसल्या पुढे सरकलो.

"मंग कितलं भरनं त्यानं?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "सात. आणि एक मुठीत राखेल व्हता."

ती गाठोड्याच्या गाठीवर हात ठेवून बसून राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "त्या रातले झोपमा बी मूठ सोडे ना. मी उघडी तं चिचोका. फेकी दिना मी."

तेवढ्यात तिचा नंबर आला. ती उठली, गाठोडं दोघींनी उचलून काट्याला लावलं आणि मुकादम तबकडीकडे वाकला. मागून बाभळीखालून लहान्याचा आवाज आला.

"थांब, काटा हालस!"